गभणे सरांची सायबर कवायत

आमच्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. वरठीहून सायकलनं अर्ध्या तासावर आहे, आठवीपर्यंत आहे आणि तिचं पटांगण वर्गखोल्यांपेक्षा चांगल्या स्थितीत आहे, एवढं पुरे. पटांगण चांगलं होतं ते गभणे सरांमुळे. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. कबड्डीच्या मैदानाच्या रेघा ते स्वतः वाकून मारायचे आणि त्या ओल्या रेघेवर कोणाचा पाय पडला, अगदी हेडसरांचा पडला तरी, शिट्टी वाजवायचे.

अशा माणसाकडे मुलांच्या इंटरनेट सुरक्षिततेचं काम कसं आलं, ते आधी सांगते. वरून पत्र आलं होतं. प्रत्येक शाळेनं सायबर सुरक्षेसाठी एक शिक्षक नेमावा, त्याला भंडाऱ्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळेल. संगणकाचे शिक्षक आमच्याकडे नव्हते. संगणक होता एक, त्याच्यावर बारा महिने फुलाफुलांची चादर असायची. गणिताच्या सरांनी लगेच कंबर दुखत असल्याचं सांगितलं. मी विज्ञान शिकवते म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर गभणे सर सहावीला लंगडी शिकवत होते. हेडसरांची नजर माझ्या नजरेमागोमाग गेली आणि त्यांनी नाव लिहून टाकलं. ज्याचं नाव लिहिलं त्याला ते मधल्या सुटीत कळलं.

"मले?" गभणे सर म्हणाले. "माह्या फोनवर तं घरवालीचा आवाज बी नीट आयकू येत नाही जी."

"म्हणूनच तुमी," हेडसर म्हणाले. "तुमी बाकीच्यासारखे त्यात गुंतून पडत नाही."

दोन दिवसांनी सर प्रशिक्षण घेऊन परत आले ते वेगळे होऊनच. पिशवीत एक जाड पुस्तिका होती, छातीवर बिल्ला होता आणि गळ्यात शिट्टीच्या शेजारी आता फोनही लटकत होता. एकाच केशरी दोरीत दोन्ही. दिवसभर चुना हाताळून त्यांच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या, त्यामुळे अंगठा लावून फोन उघडत नसे. मग ते पडद्यावर बोट ओढून एक मोठा 'ग' काढायचे, तोही हात लांब धरून, सगळ्यांदेखत. पाचवीच्या पोरांनाही सरांचा फोन उघडता यायचा. त्यांच्या फोनवर क्रिकेटचा स्कोअर पाहून ती पोरं तो परत दोरीला लटकावून ठेवायची, आणि सर त्यांना शाबासकी द्यायचे, फोन पडू दिला नाही म्हणून.

पुस्तिकेत नियम होते. पासवर्ड कोणाला सांगू नये. अनोळखी व्यक्तीशी बोलू नये. नाव, पत्ता, शाळा, फोन नंबर जाहीर करू नये. काही वाईट घडलं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावं. दुसरे कोणी हे नियम फलकावर लिहून मोकळे झाले असते. गभणे सरांनी त्यांची कवायत बसवली.

परिपाठ संपला की शिट्टी व्हायची. "सा…वधान! एक!" सगळी शाळा उजवा हात छातीसमोर आडवा धरायची आणि ओरडायची, "थांबव!" "दोन!" हात समोर, तळवा पुढे, "ब्लॉक!" "तीन!" हात उंच, बोट आकाशाकडे, "तक्रार!" "चार!" अर्धी फिरकी घेऊन बाजूच्याच्या खांद्यावर हात, "मोठ्याले सांग!" प्रत्येकाच्या बाजूला त्याच्याएवढंच पोरगं असल्यामुळे मोठा कोण, हा प्रश्न तसाच राहायचा. पण कवायत दिसायला सुंदर होती. शेजारच्या दोन शाळांचे शिक्षक ती पाहायला येऊन गेले.

वर्गात समजावतानाही ते मैदान सोडत नसत. "पासवर्ड म्हणजे काय रे? चढाई! कोणत्या पायानं निघतो ते समोरच्याले समजलं, का गेला तुमचा गडी बाद." पोरांना हे पटायचं. मलाही पटलं होतं, खरं सांगायचं तर. माझ्या तासाला मी हाच विषय मांडला तेव्हा निम्मा वर्ग पेंगला होता.

पावसाळ्याच्या शेवटी केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. पाचवीच्या वर्गात गेले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी प्रेमानं विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?"

मुलगी गप्प.

"लाजू नको. नाव सांग. कोणत्या गावची तू?"

मुलगी उभी राहिली, तळवा त्यांच्या नाकासमोर धरला आणि खणखणीत म्हणाली, "ब्लॉक!"

मागून सगळा वर्ग उठला. "तक्रार!" म्हणून चाळीस बोटं छताकडे गेली. केंद्रप्रमुख दोन पावलं मागे सरकले. हेडसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गभणे सर दारात उभे होते आणि त्यांचे डोळे अभिमानानं भरून आले होते. "अनोळखी माणसाले नाव सांगत नाहीत साहेब," ते म्हणाले. "मरून जातील पण सांगणार नाहीत." त्या दिवशी पाचवीतल्या एकाही मुलाचं नाव केंद्रप्रमुखांना कळलं नाही. शेरेवहीत त्यांनी 'उपक्रम स्तुत्य' असं लिहिलं आणि चहा न घेताच गेले.

त्यानंतर आली पासवर्ड तपासणी वही.

मुलं कच्चे पासवर्ड ठेवतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. कच्चे की पक्के ते पाहायचं कसं? सरांनी लांब रजिस्टर घेतलं, रकाने आखले: नाव, इयत्ता, पासवर्ड, शेरा. सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांनी आपापला, म्हणजे बहुतेक आईबापांच्या फोनचा, पासवर्ड त्यात लिहिला. सर लाल शाईनं तपासायचे. 'छान.' 'आणखी मेहनत हवी.' 'जन्मतारीख टाळावी.' शेवटी हेडसरांची सही आणि शाळेचा शिक्का. ते रजिस्टर शिक्षकखोलीच्या कपाटात राहायचं, आणि त्या कपाटाच्या दाराला कडी नव्हती.

"सर, अहो, हे तर उलटं झालं," मी म्हटलं. "आख्ख्या गावाचे पासवर्ड एका वहीत?"

"माह्याजवळ आहेत ना म्याडम. मी काय कोणाले सांगून राहिलो का?"

सातवीत प्राची म्हणून एक मुलगी होती. सडपातळ, दोन वेण्या, प्रश्न विचारताना मान थोडी तिरपी करायची. तिचे वडील वरठीच्या कारखान्यात कामाला जात. वही तिच्यापुढे आली तेव्हा ती उभी राहिली.

"सर, तुमीच सांगतलं ना, पासवर्ड कोणालेच सांगाचा नाही?"

"हव."

"मंग तुमाले काहून सांगाचा?"

सरांनी सवयीनं शिट्टी ओठांशी नेली, पण वाजवली नाही. "मी कोणी आहो का? मी सर आहो."

प्राचीनं वहीत आपल्या नावापुढे लिहिलं, 'सांगणार नाही.' सरांनी लाल शाईनं शेरा दिला, 'उद्धट.' मला तो वाचून हसू आलं. शिक्षकखोलीत सगळ्यांना दाखवलाही मी. वही बंद करा, असं मात्र मी पुन्हा म्हटलं नाही. केंद्रप्रमुखांनी स्तुत्य म्हटलेल्या उपक्रमाच्या वाटेला कोण जातं?

सरांचा आणखी एक गुण सांगायला हवा. ते सावध करायचे. शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी पहिला संदेश त्यांचा. 'सावधान! खालील लिंक उघडू नका, फोन खराब होतो.' आणि खाली ती लिंक. त्यांच्या या सावधगिरीमुळे आमच्या चित्रकलेच्या बाईंचा फोन दोनदा दुरुस्तीला गेला. आणि ते फोटो काढायचे. ही हौस त्यांची नव्हती, हेडसरांची होती. उपक्रम झाला की फोटो, फोटो काढला की शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर. ज्याचा फोटो नाही तो उपक्रम झालाच नाही, असा वरूनच शिरस्ता. मुलांच्या हातात पाटी, फलक, प्रमाणपत्र द्यायचं आणि 'हसा' म्हणायचं. सर गळ्यातली दोरी न काढता फोन उचलायचे. त्यामुळे त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात केशरी दोरीचा एक तुकडा यायचा.

सायबर सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य स्पर्धा झाली. प्राची पहिली आली. 'पाठवण्याआधी थांबा जरा, विचारून घ्या, हाच मार्ग खरा.' सरांनी तिला प्रमाणपत्र धरून उभं केलं. प्रमाणपत्रावर तिचं पूर्ण नाव, वर्ग, गाव. खाली स्पर्धेचा अर्ज टाचलेला, त्यावर वडिलांचा मोबाईल नंबर. फोटो स्वच्छ आला होता, एकेक अक्षर वाचता येत होतं. पाठवण्याआधी सर थांबले नाहीत आणि त्यांनी कोणाला विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत तो शाळेच्या पानावर, पालकांच्या ग्रुपवर आणि तिथून कुठं कुठं गेला. मीही त्याला पसंतीचा अंगठा दिला होता.

दहाबारा दिवसांनी प्राची शाळेत यायची बंद झाली.

तिच्या मैत्रिणीनं मला मागच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं. कोणीतरी प्राचीचा फोटो घेऊन, तिच्याच नावानं खातं उघडलं होतं. त्यावरून गावातल्या मोठ्या पोरांना घाणेरडे संदेश जात होते. तिच्या वडिलांच्या फोनवर दिवसभर अनोळखी माणसांचे फोन येत होते. गावात चर्चा एकच, पोरीच्या हाती मोबाईल दिला का असंच होते. चर्चा करणाऱ्यांपैकी बरेच जण त्या खात्याच्या मित्रयादीत जाऊन बसले होते, हे मी त्या मैत्रिणीकडून माझ्या फोनवर घेतलेल्या, त्या खात्याच्या चित्रात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नावं मला पाठ आहेत. अजूनही बाजारात ती माणसं मला नमस्कार करतात.

दुसऱ्याच दिवशी शाळा समितीची सभा भरली. अध्यक्ष धानाचे व्यापारी. बोलायला उभे राहिले की बसायचं विसरणारे. ते म्हणाले, शाळेची बदनामी होऊन राहिली, काहीतरी कडक पाऊल पाहिजे. ठराव असा निघाला: सहावी ते आठवीच्या मुलींनी मोबाईल वापरू नये आणि तसं हमीपत्र मुलींच्या पालकांकडून घ्यावं. मुलांचं काय, असं कोणी विचारलं नाही. हेडसर म्हणाले, प्रकरण बाहेर जाऊ देऊ नका. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'सर्वानुमते' हा शब्द मी सभा सुरू होण्याआधीच लिहून ठेवला होता. तो नेहमीच लागतो.

गभणे सर शेजारी बसले होते. त्यांनी हळूच माझ्याकडे हात केला. "ते खातं दाखवा बरं, म्याडम. मी पायलं नाही अजून."

मी माझ्या फोनवरचं चित्र दाखवलं, वर फोटो आणि खाली खात्याला जोडलेल्यांची नावं. त्यांनी दोन बोटांनी ते मोठं केलं. चेहऱ्यावरून बोट खाली नेलं, कोपऱ्यात आणलं आणि तिथंच ठेवलं.

"हे काय आहे?"

मला दिसलं होतं काय आहे ते. केशरी तुकडा. मी म्हटलं, "तुमची दोरी आहे, सर."

मी त्यांना वीस वर्षांपासून ओळखत होते. उन्हातान्हात राबून काळवंडलेला तो चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. अध्यक्ष बोलतच होते. सर उभे राहिले.

"हे लिहू नका, म्याडम."

"काय झालं, गभणे?" हेडसर म्हणाले. "बसा."

"तो फोटो मी काढला. मीच टाकला. नाव, गाव, बापाचा नंबर, सगळं मी टाकलं."

"अहो, शाळेनं टाकला. उपक्रम होता. बसा तुमी."

"पोरीनं काय केलं? तिनं तं मोबाईल हातात बी घेतला नवता. ती तं परमाणपत्र धरून उभी होती. मी म्हटलं हस, तं हासली." त्यांचा आवाज मैदानावरचा होता, बाहेर व्हरांड्यात ऐकू जात होता. "हमीपत्र लिहून घ्याचं तं माह्याकडून घ्या. मुलींकडून कायले घेता?"

अध्यक्ष म्हणाले, "सर, भावनेच्या भरात बोलू नका. पोरींच्या भल्यासाठीच आहे."

"पोट्ट्यायकडून बी घ्या मंग. अन तुमच्याकडून बी. त्या खात्याले जोडाले तुमच्या घरून कोण कोण गेलं, ते पाहाचं का? म्याडमच्या फोनमधी आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी फोन पर्समध्ये टाकला. धाडस म्हणाल तर तेवढंच माझं, की तो ठराव मी त्या दिवशी वहीत उतरवला नाही. सभा तहकूब झाली.

सर बाहेर आले आणि म्हणाले, "चला म्याडम, तिच्या घरी जाऊ. मी एकटा गेलो तं बरं दिसणार नाही."

प्राचीच्या घरी तिचे वडील कारखान्याची पाळी संपवून आले होते, अंगात अजून कामाचे कपडे होते. आईनं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. प्राची आतल्या दाराला टेकून उभी होती.

"तिले नाकाडोंगरीले मावशीकडे धाडून राहिलो," वडील म्हणाले.

"तिथं शाळेत जाईल ना?" मी विचारलं.

आई पदराशी चाळा करत राहिली.

सर म्हणाले, "भाऊ, फोटो मी टाकला होता. तुमचा नंबर बी माह्याच हातानं गेला. पोरीचा काही दोष नाही."

वडील त्यांच्याकडे वळले. "तुमच्या भरोशावर पाठोतो आमी तिले, सर. चार दिवसापासून फोन वाजला का तिची माय थरथर कापते. लोकं काय काय बोलते फोनवर, तुमाले आयकवू का?"

"आयकवा," सर म्हणाले. "मीच आयकाले पाहिजे."

वडिलांनी ऐकवलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तेव्हा प्राची पुढे आली.

"सर, फोटो काढाच्या आधी मले विचारलं होतं का?"

"नाही."

"मी वहीत पासवर्ड नाही लिहिला तं तुमी मले उद्धट लिहिलं."

"चुकलं माहं." मुलीपुढे हात जोडलेला शिक्षक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नाटकीपणा नव्हता त्यात. हात कसे जोडायचे हेच त्यांना नीट सुचत नव्हतं, शिट्टी मध्ये येत होती.

"बाबा," प्राची म्हणाली, "माहं काय चुकलं ते सांगा. मंग जातो मी नाकाडोंगरीले."

वडील आत गेले आणि पेटीत बंद केलेला फोन घेऊन आले.

आता त्या खोट्या खात्याची तक्रार करायची होती. सायबर सुरक्षेचे प्रमुख शिक्षक फोन हातात घेऊन बसले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "तक्रार कोठी दाबाची असते?" दोन वर्षं रोज सकाळी चारशे मुलांकडून त्यांनी आकाशाकडे बोट करवलं होतं. ते बटण पडद्यावर कुठे असतं, ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. प्राचीनं फोन घेतला. तीन ठिकाणी दाबलं, कारण निवडलं, चित्रं जपून ठेवली, मग म्हणाली, "आता पोलिसायकडे बी द्या लागेल. हे पुसू नका, पुरावा आहे." ती बोलत होती आणि सर मान हलवत होते, पहिल्या बाकावरच्या पोरासारखे.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या वडिलांना घेऊन भंडाऱ्याला गेले, लेखी तक्रार दिली. काही दिवसांनी ते खातं बंद झालं. ते कोणी उघडलं होतं, ते आजवर कळलेलं नाही. गावात प्रत्येकाला एकेका वेगळ्या माणसाची खात्री आहे. प्राची शाळेत परत आली. पहिले काही दिवस ती मधल्या सुटीत बाहेर पडत नसे. मग एके दिवशी खो-खोच्या डावात ओरडताना मी तिचा आवाज ऐकला.

सरांनी पासवर्डची वही शाळेच्या मागे नेऊन जाळली. मग शाळेच्या पानावरचे मुलांचे फोटो काढून टाकायला घेतले. सगळे एकदम काढता येतात हे त्यांना माहीत नव्हतं. ऑफ तासाला झाडाखाली बसून ते एकेक फोटो उघडायचे, पाहायचे, पुसायचे. मी शिकवायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. एकेकाले पाहूनच काढतो." दोन आठवडे लागले.

हेडसरांना कळलं ते तपासणीच्या तोंडावर. दोन वर्षांचे उपक्रम पानावरून नाहीसे. म्हणजे ते झालेच नव्हते. सरांना लेखी खुलासा मागितला, शाळेचे अभिलेख नष्ट केले म्हणून. सरांनी दोन ओळी लिहून दिल्या: 'फोटो मुलांचे होते, शाळेचे नव्हते. ज्याचे त्याला परत केले.' हा खुलासा असमाधानकारक असल्याचा शेरा त्यांच्या कागदांत अजून असेल. सायबर सुरक्षेचं काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, पण या वेळी बाहेर कोणी नव्हतं.

माझ्या काळात शाळेला त्या विषयात तालुक्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या फायली नीट असतात.

सर निवृत्त झाले, गावी शेतीवर गेले. मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी शहापूरकडून येत होते, तेव्हा ते रस्त्याकडेच्या त्यांच्या भाताच्या बांधीत दिसले. गुडघाभर चिखल, डोक्यावर टॉवेल, ओळीनं भात लावणाऱ्या बायकांवर ओरडणं चाललेलं. मी स्कूटी थांबवली. ते बांधावर आले, हात धुतले, घरच्यांची विचारपूस केली. प्राची भंडाऱ्याला अकरावीत आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

"मस्त शिकून राहिली," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं, बायका लांब होत्या. "म्याडम, एक सांगू का? त्या सभेत मी उभा राहिलो ना, तं माहे पाय लटलट कापत होते. टेबलाले धरून होतो मी. वाटलं, आता पडतो." ते थोडं हसले. "कोणाले सांगू नका बरं."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"बरं झालं, कोणाच्या ध्यानात नाही आलं," ते म्हणाले, आणि परत चिखलात उतरले.